गाडी माझी, कागद माझे, मग कोड कोणाचा?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : चिपची चावी हरवल्यावर खेड्यातल्या गाडीमालकाची होणारी अडवणूक

पत्र लांबलं आहे. जागा कमी पडली तर कापसाची हकीकत खुशाल छाटा, पण शेवटच्या मागण्यांना कात्री लावू नका, एवढी विनंती.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. गाव घाटंजी तालुक्यात, डांबरी सोडून आत. थोरल्या भावाला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागतं. जाताना एसटीने जाता येतं; पण सुई काढल्यावर माणूस पार गळून जातो, परतीचे धक्के त्याला सोसत नाहीत. म्हणून नागपूरहून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. विकणाऱ्याने दोन चाव्या हातावर ठेवल्या. एक काळी, बटणांची. दुसरी साधी, पितळी. "दोन्ही ओके आहेत," म्हणाला आणि दोन्हींनी दार उघडून दाखवलं. गाडी मात्र त्याने काळ्या चावीनेच चालू केली होती, हे मला पुढे आठवलं.

ऐन वेचणीत पुतण्याने घरचा कापूस छोटा हत्ती टेम्पोत भरला. कापूस भरताना वर उभं राहून तुडवावा लागतो, नाहीतर अर्धाच बसतो. तुडवता तुडवता काळी चावी शर्टाच्या खिशातून कापसात गेली आणि कापूस गेला बाजार समितीत. पुतण्याला रात्री जेवताना खिसा रिकामा लागला तोवर आमचा कापूस जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) ढिगात दहाजणांच्या कापसात मिसळलेला. जिनिंगच्या सुपरवायझरला फोन केला, तर त्याला माझ्या गाडीपेक्षा वेगळाच घोर लागला. धातूचा तुकडा मशीनमध्ये गेला की ठिणगी, आणि कापसात ठिणगी म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. बिचाऱ्याने त्या कडेचा ढीग माणसं लावून हलवला. मी जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन जायला निघालो होतो. निघण्याआधी पितळी चावीला लावून पाहिलं, ते चिकटलंच नाही. चुंबक घरीच ठेवलं. चावी मिळाली नाही.

तरी मी निर्धास्त होतो. दुसरी चावी आहे की! दार उघडलं, स्टिअरिंगचं लॉक सुटलं, डॅशबोर्डचे दिवे लागले, स्टार्टर फिरला, इंजिनाने घेतलं आणि लगेच बंद पडलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मीटरमध्ये चावीचं लहानसं लाल चित्र लुकलुकत राहिलं.

गाव जमायला वेळ लागत नाही. कोणी म्हणालं पेट्रोल संपलं असेल, कोणी म्हणालं पंप गेला. पोरांनी दुसऱ्या गिअरवर धक्का मारून पाहिला. जुन्या कमांडर जीपच्या काळातला एक ड्रायव्हर बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा म्हणाला, म्हणजे "कम्प्युटर विसरून जाते". तीही ठेवली. शेवटी एकाने थेट मर्मावर बोट ठेवलं : "काका, तुमी तं आख्खी एसटी खोलून बसवत होते, हे एवढीशी गाडी काहून नाई चालू होऊन रायली?"

त्याचं उत्तर इथे देतो, कारण हा घोळ अनेकांच्या डोक्यात आहे. काळ्या चावीच्या प्लास्टिकमध्ये दोन वेगवेगळ्या वस्तू असतात. एक रिमोट; दार उघडझाप करणारा, त्याला बटणासारखा सेल लागतो. दुसरी चिप, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला सेल लागत नाही. चावी जिथे घालतो त्या भोकाभोवती तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की ते कडं चिपला जवळूनच वीज पुरवतं आणि चिप आपला नंबर सांगते. फास्टॅगलाही सेल नसतो, तसंच हे. नंबर जुळला तर इंजिनाचा कम्प्युटर पेट्रोलचे इंजेक्टर चालू ठेवतो, नाही जुळला तर बंद करतो. यालाच इमोबिलायझर म्हणतात. पितळी चावीत चिपच नाही, म्हणून इंजिन बंद पडत होतं. म्हणून धक्का मारून उपयोग नाही : चाकं इंजिन फिरवतील, पेट्रोल कोण सोडणार? वायरी जोडून डायरेक्ट करूनही उपयोग नाही, कारण कुलूप वायरीत नाही, कम्प्युटरच्या आत आहे. बॅटरी काढली तरी तो नंबर विसरत नाही. विसरला असता तर चोरांनी पाना घेऊनच फिरलं असतं.

यातून वाचकांच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. रिमोटचा सेल संपला तरी चिपच्या जोरावर गाडी चालू होते, तेव्हा सेल गेला म्हणून कोणी घाबरू नये. बटणस्टार्ट गाडी असेल तर बहुतेक गाड्यांत मेलेली चावी त्या बटणाला टेकवून धरायची. आणि चिपच्या दोन चाव्या एकाच कड्यात अडकवू नयेत. कधी कधी दोघी एकदम बोलतात आणि कम्प्युटरला एकही कळत नाही.

या कुलपाला माझा विरोध नाही, हेही आधीच सांगतो. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. नेदरलँड्समधल्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा त्यामुळे गाडीचोऱ्या चाळीस टक्क्यांच्या आसपास घटल्याचं दिसलं. उलट अमेरिकेत काही मॉडेलांत कंपन्यांनी हे कुलूपच बसवलं नव्हतं, तर २०२१-२२ मध्ये पोरासोरांनी मोबाइलच्या यूएसबी केबलचं टोक वापरून त्या गाड्या पळवल्या. तेव्हा कुलूप हवंच. माझा वाद आहे तो कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे, यावर.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावला. बोलणारी मुलगी सभ्य होती. तिच्याबद्दल तक्रार नाही. आरसी, आधार, विम्याची प्रत आणि चावी हरवल्याचा पोलिसांचा दाखला द्या, सतरा आकडी-अक्षरी चासी नंबर कंपनीला पाठवू, चावी तिकडून कापून येईल, ॲडव्हान्स भरा. इथवर सगळं रास्त. मग म्हणाली, "आणि सर, गाडी इथे आणावी लागेल. कोडिंग गाडीतच होतं." कोडिंग म्हणजे नव्या चिपचा नंबर गाडीच्या कम्प्युटरला शिकवणं. मी म्हटलं, बाई, गाडी चालू होत नाही म्हणून तर फोन केला. म्हणाली, "टोचन करून आणा सर." तुमचा माणूस मशीन घेऊन इकडे येऊ शकतो का, विचारलं. येण्याजाण्याचं पेट्रोल, वर जेवण, सगळं देतो म्हटलं. "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही सर." कोडिंग जमलं नाही तर कम्प्युटर आणि सगळ्या कुलपांचा सेट बदलावा लागेल, त्याचं एस्टिमेट तिने व्हॉट्सॲपवर पाठवलं. तो आकडा मी बायकोला दाखवला नाही. गाडीच्या आजच्या किमतीचा पाचवा हिस्सा तरी होता.

विमा एजंटला विचारलं. चावी बदलून देण्याचं वेगळं कव्हर असतं, ते माझ्या पॉलिसीत नव्हतं. त्याने एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. पुढेमागे गाडी खरंच चोरीला गेली, तर क्लेमच्या वेळी कंपनी मूळ दोन्ही चाव्या मागते आणि एक नसेल तर शंभर प्रश्न विचारते. तेव्हा चावी हरवल्याची नोंद पोलिसांत करून ठेवाच. ठाण्यातल्या अंमलदाराने आधी विचारलं, "गाडी गेली का? नाई न? मंग?" पण समजावून सांगितल्यावर नोंद घेतली आणि असं ऑनलाइनही करता येतं, हेही सांगितलं. या सगळ्या प्रकरणात पोलीस ठाण्याचं काम सर्वात सोपं निघालं, असं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

चावीला किती दिवस लागतील, हे सर्व्हिस सेंटर सांगेना. दर वेळी "प्रोसेसमध्ये आहे." तोवर भाऊ एसटीनेच जात राहिला. सोबत पुतण्या. परत आला की ओसरीवर भिंतीला टेकून बसायचा, पाणीसुद्धा मोजून प्यायचं असल्यामुळे नुसती गुळणी करायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. आणि अंगणात धड टायरांची, भरल्या टाकीची गाडी उभी.

मग आमच्या पाहुण्यातल्या एकाने यवतमाळचा एक चावीवाला पोरगा सुचवला. मोटारसायकलवर आला. पाठीवर शाळेची बॅग, त्यात एक टॅब, केबल आणि चाव्या कापायचं लहान मशीन. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात केबल खोचली. टॅब सुरू झाला आणि थांबला. गाडीचा पिन, म्हणजे नवी चावी शिकवायला लागणारा गुप्त कोड, त्याला नेटवरून काढावा लागतो आणि आमच्या अंगणात रेंज नाही. रेंज येते मारुतीच्या पारापाशी. मग काय, गाडी ढकलत पारापर्यंत नेली. पितळी चावीचा तेवढा उपयोग झाला, स्टिअरिंग मोकळं झालं. पुढे पोरं, मागे पोरं, आणि पारावरची मंडळी जागा देऊन उभी.

पुढचं काम मी अगदी डोळे रोखून पाहिलं, धंद्याची सवय. पोराने पितळी चावीवरून नवं पातं कापलं, काळ्या खोक्यात बसवलं, चिमट्याने चिप आत सरकवली. टॅबने पिन काढला. मग तो मला स्क्रीन दाखवून म्हणाला, "काका, हे पाहा. गाडीच्या मेमरीत तीन चाव्या आहेत." तीन! मला मिळाली एक. पितळी तर चिपशिवायची, ती मोजायचा प्रश्नच नाही. म्हणजे माझी हरवली ती सोडून आणखी दोन चालू चाव्या कुठेतरी आहेत. आधीच्या मालकाकडे, विकणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, कोणाच्या तरी खुंटीला. इतके महिने माझी गाडी अंगणात माझ्या भरवशावर उभी नव्हती, त्या दोघांच्या भलेपणावर उभी होती. पोराने जुन्या तिन्ही पुसल्या, नवी शिकवली. चावी फिरवली, लाल चित्र विझलं, इंजिन चालू राहिलं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. घेतलेले पैसे सर्व्हिस सेंटरच्या नुसत्या चावीच्या भावाहून कमी, टोचनचा खर्च तर वेगळाच.

पैसे देताना त्याला विचारलं, "बाबा, तू मला ओळखत नाहीस. आरसी पाहिली नाहीस, नाव विचारलं नाहीस. गाडी चोरीची असती तर?" तो हसला. "काका, आख्खं गाव धक्का मारून रायलं होतं. चोरीच्या गाडीले कोण असं धक्का मारते?"

पोराचं उत्तर बिनतोड आहे, पण माझी झोप त्याने उडाली ती उडालीच. ज्याच्याकडे आरसी, आधार, विमा आणि पोलिसांचा दाखला आहे त्या मालकाला कोड मिळत नाही. आणि जो कागद विचारत नाही त्याच्या टॅबवर तो नेट असेल तर लगेच मिळतो. मग या कुलपाने अडवलं कोणाला? चोराला असा पोरगा शोधणं अवघड नाही. डायलिसिसच्या पेशंटला गाडी टोचन करून नेणं अवघड आहे. पोरावर माझा राग नाही, त्याच्यामुळे माझी गाडी चालते. राग आहे तो त्याला चोरवाटेने कमवायला लावणाऱ्या व्यवस्थेवर. त्याच्या टॅबमधलं सॉफ्टवेअर कोणत्या देशातून कसं येतं, हे विचारण्याची सोय नाही, कारण सरळ वाटेने ते त्याला मिळतच नाही.

हे मिळायला हवं, असं आपल्याच देशात ठरून गेलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने (इंग्रजीत यालाही सीसीआयच म्हणतात; आमच्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदीवाली, ही दुसरी) २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. कारण हेच : सुटे भाग आणि तपासणीची मशीनं-सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजवाल्यांना न देता आपल्याच दुकानात कोंडून ठेवणं. ते खुल्या बाजारात द्या, असा आदेश होता. कंपन्या दंडाविरुद्ध अपिलात गेल्या आणि वर्षं गेली. मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं आणि मोटारी दोन्ही धरल्या. त्याच वर्षी डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' पोर्टलही आलं. पोर्टल चांगलं आहे, पण पोर्टलवर माझ्या गाडीचा पिन नाही. ट्रॅक्टरांतही आता कम्प्युटर शिरला आहे. उद्या पेरणीच्या तोंडावर हाच प्रसंग ट्रॅक्टरवर येईल तेव्हा बोंब मोठी होईल.

आता मागण्या. पहिली आणि मुख्य : गाडी विकतानाच चावीचा नंबर आणि इमोबिलायझरचा पिन बंद लिफाफ्यात, मालकाची सही घेऊन, मालकाच्या ताब्यात द्या. बँक एटीएमचा पिन देते तेव्हा ग्राहक तो हरवेल म्हणून स्वतःकडे ठेवून घेत नाही. लिफाफा हरवला तर जबाबदारी मालकाची. चावी हरवली तर किती खर्च, किती दिवस, गाडी न्यावी लागेल की माणूस येईल, हे डिलिव्हरीच्या कागदावर मराठीत छापा. यात कंपनीचं काही जात नाही. जातो तो फक्त अडलेल्या गिऱ्हाइकाकडून मिळणारा पैसा.

दुसरी, आरटीओला. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरांना परिवहन खात्याचं अधिकारपत्र सक्तीचं आहे आणि ताब्यात आलेल्या गाडीची नोंद त्यांना आरटीओला कळवावी लागते. त्याच नोंदीत एक ओळ वाढवा : मेमरीत किती चाव्या आहेत आणि ग्राहकाला किती दिल्या. फरक असेल तर बाकीच्या पुसून द्यायच्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना मालकाने तेवढी ओळ वाचली तरी पुरे. हे पाहायला टॅब लावून पाच मिनिटं लागतात, मी पाहिलं आहे.

तिसरी त्या पोरासाठी. तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या चावीवाल्यांना रीतसर परवाना द्या. आरसी आणि ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय चिप भरायची नाही, भरलेल्या प्रत्येक चावीची नोंद ठेवायची, महिन्याला ती ठाण्यात दाखवायची, आणि त्या बदल्यात कंपनीचं अस्सल सॉफ्टवेअर वाजवी भाड्याने मिळवायचं. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना हे शिकवा. ती शिकतात, आमच्या काळात आम्हीही पंप-नोझल पाहून पाहूनच शिकलो.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आजच दुसरी चावी शोधून गाडी चालू करून बघावी. नुसतं दार उघडून भागत नाही. इंजिन चालू करा, थोडा वेळ तसंच राहू द्या, बंद पडत नाही ना पाहा. जुनी गाडी घेतली असेल तर मेमरीत किती चाव्या आहेत ते तपासून घ्या. सर्व्हिस सेंटरने पैसे घेऊन टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

हे पत्र लिहून पाकिटात घालणार, तेवढ्यात सर्व्हिस सेंटरचा फोन आला. चावी आली आहे, गाडी घेऊन या. मी विचारलं, चालवत आणू की टोचन करून? थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला आणि उत्तर मिळालं, "सर, सिस्टीममध्ये टोचन लिहिलंय." दुसरी चावी लागणारच आहे, ॲडव्हान्सही भरलेला आहे, म्हणून पुढच्या डायलिसिसच्या दिवशी भावाला दवाखान्यात सोडून जाऊन येईन.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, ही विनंती.)